ईआर-मायटोचा काँटॅक्ट : ऑटोफॅजीला मदत का आडकाठी?

संत्राबर्फी :
काल फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड, एकादशी करा, पेशी स्वतःचा कचरा खातात (हीच ऑटोफॅजी), जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना २०१६ चं नोबेल त्याच्यासाठीच मिळालं म्हणे. अरे बाप्पा, ते यीस्टवर काम करत होते, साबुदाण्यावर नाही. असो, माझं भांडण वेगळंच आहे. एमएस्सीला आम्हाला शिकवलं की कचरा गुंडाळायला दुहेरी मेंब्रेनची (पातळ पडद्याची) पिशवी बनते, ती ईआरमधून, म्हणजे पेशीतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या मेंब्रेनच्या जाळ्यातून येते, झालं, पुढचं पान. मी म्हणतो ती एकट्या ईआरची नाहीच, ईआर अन मायटोकॉन्ड्रिया (मायटो, पेशीचं पॉवरहाऊस) जिथे १०-३० नॅनोमीटरवर येतात त्या फटीतच बनते. २०१३ मध्ये ओसाका युनिव्हर्सिटीवाल्यांनी दाखवलं ना, पेशी उपाशी ठेवल्या की पिशवी बनवायला लागणारं एटीजी-१४ प्रोटीन तिथेच जाऊन बसतं, अन मायटोफ्यूजिन-२ हे काँटॅक्ट सांभाळणारं प्रोटीन कमी करून काँटॅक्ट बिघडवला की पिशव्या कमी. मग शिकवणारे लोक हे अर्ध्या मिनिटात काहून उरकता?

सीताबर्डीकर :
एवढा काहून तापून राहिला बे, बाहेर ऊन कमी आहे का? कळमन्याला संत्र्याचे ढीग दिसतात म्हणून संत्री काय मंडीत पिकतात? अन लंडनचं २०१७ चं काम पाह्य. व्हीएपीबी अन पीटीपीआयपी-५१ ही प्रोटीनची जोडी हीच दोन मेंब्रेन बांधून ठेवते. जोडी वाढवली, काँटॅक्ट घट्ट झाला, तर ऑटोफॅजी घटली. जोडी कमी केली, सैल झालं, तर वाढली! तुझ्या हिशोबाने उलटं व्हायला पाहिजे होतं.

संत्राबर्फी :
पेपर पूर्ण वाचत जा ना भाऊ. ते टोरिन अन रॅपामायसिन ही औषधं देऊन सुरू केलेल्या ऑटोफॅजीत दिसलं, उपाशी ठेवलेल्या पेशीत नाही. ओसाकावाले उपाशीच ठेवत होते.

सीताबर्डीकर :
मग "त्या फटीतच" हा नियम कुठे राहिला, माझी केस तूच लढून राहिला की. अन कारण पण साधं आहे, काँटॅक्टमधून ईआरचं कॅल्शियम मायटोत जातं, त्याच्यावर एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, बनतं, घरात पैसा खेळता असला की भंगार कोण मोडायला काढते? काँटॅक्ट सैल झाला, कॅल्शियम आटलं, की मग पेशी साफसफाईला लागते.

तर्रीवाला :
तुम्ही दोघं मायटोवरच अडकले. पिशवीला लिपिड (चरबी) लागते, ते येते कुठून? एटीजी-२ हे प्रोटीन म्हणजे साधारण २० नॅनोमीटरची सळई, आतून तेलकट खोबण, एक टोक ईआरला, दुसरं वाढत्या पिशवीला. २०१९ मध्ये कळलं की ती सरळ लिपिड वाहून नेते. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकर गल्लीतच उभा राहतो अन पाईप टाकीला लावतात, टँकर काही घरात शिरत नाही, तसं. फक्त लिपिड एकाच थरात उतरते, मग दुसऱ्या थरात पलटवायला एटीजी-९ हे दुसरं प्रोटीन लागते, ते २०२० मध्ये समजलं. म्हणजे खरा काँटॅक्ट ईआर अन पिशवीचा. मायटो बाजूला असला तर असो.

अंबाझरीची ताई :
मी शिकवते, म्हणून शिव्या मलाच. अर्धा मिनिटच मिळतो रे, पेपरात पाच मार्काला "ऑटोफॅजी म्हणजे काय" एवढंच येतं अन पोरं तेवढंच मागतात. तर्रीवाल्याचं पटलं, पण मायटो "असला तर असो" नको म्हणू. व्हीएपीबीच्या जीनमधल्या बिघाडाने एएलएसचा (स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरत जातात तो आजार) एक प्रकार होतो, ही जोडी नुसती शोभेची नाहीये. अन त्या एकादशीवाल्यांना सांगा, डिशमधल्या पेशीला एक-दोन तास अमिनो ॲसिड अन सीरम काहीच देत नाहीत, तिकडे आमच्याकडे एकादशी अन दुप्पट खाशी.

सीताबर्डीकर :
ताई म्हणतात तर मायटो राहू द्या, पण मदतनीस म्हणून नाही, ब्रेक म्हणून.

संत्राबर्फी :
जेवण असेल तर ब्रेक, उपास असेल तर मदत, असं का नाही होऊ शकत? बरं, "त्या फटीतच" मधला "च" मागे घेतो. अर्ध्या मिनिटाचं मात्र मागे घेत नाही ताई.