उपकार कोणाकोणाचे? शिक्षकांच्या अनुभवांचा धागा

सर्वांना सलाम.

सोलापुरात ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आणि शाळा यांचे नाते फार जुने आहे. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या लोकांनी मुंबई, अहमदनगर आणि पुढे सोलापूर अशा वाटेने जिथे उपासनेची जागा उभी केली, तिथे शाळाही काढली. त्यामुळे आमच्यापैकी पुष्कळ घरांत शिक्षकी पेशा आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे आला. मीही त्यांतलीच एक असून शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत मराठी शिकवते. दर रविवारी आम्ही उपकारस्तुती करतो, म्हणजे देवाचे आभार मानतो, आणि ती मनापासूनच असते. परंतु आरोग्य, अन्न, संरक्षण अशा ठरलेल्या शब्दांची जिभेला इतकी सवय होऊन जाते, की ज्या माणसांच्या हातून हे सारे आपल्यापर्यंत पोहोचले, त्यांचा उल्लेख राहून जातो. देवाचे आभार मानणाऱ्याने त्या माणसांपर्यंतही पोहोचले पाहिजे, नाहीतर स्तुती अर्धीच राहते, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हे निमंत्रण. शिकताना किंवा शिकवताना ज्या एका व्यक्तीमुळे आपल्याला काही मिळाले, तिच्याविषयी नेमकेपणाने लिहावे. ख्रिस्ती असण्याची अट नाही. कोणाचे नाव मात्र लिहू नये.

सुरुवात मी करते.

माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते. त्यांचे पूर्वज विणकामासाठी इथे येऊन स्थायिक झाले. आज अनेकांचे वडील यंत्रमागावर टॉवेल आणि चादरी विणतात, आणि आई घरी विड्या वळते. अशाच एका विद्यार्थिनीची हजेरी कमी होऊ लागली, तेव्हा मी तिच्या घरी गेले. तिची आई उंबऱ्याजवळ मांडीवर सूप घेऊन बसली होती. भिजवलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोऱ्याचा वेढा द्यायचा, हे सगळे ती माझ्या चेहऱ्याकडे पाहून बोलत असतानाच करीत होती. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि तपासणीत काही विड्या बादही होतात, त्यामुळे हात थांबवणे तिला परवडणारे नव्हते. मुलीला विड्या वळायला बसवते का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नाही बाई, तिला मी पानाला हात लावू देत नाही. ती इथे बसून पुस्तक वाचते आणि मी ऐकते. मला अक्षर येत नाही, पण तुमचे सगळे धडे मला ठाऊक आहेत." हजेरीचे कारण पाण्याचे निघाले. नळाला काही दिवसांआड पाणी येत असे, आणि ते सकाळी उशिरा आले की भरायला घरात दुसरे कोणी नसे.

पाण्याच्या दिवशी मुलीने दुसऱ्या तासाला आले तरी चालेल, अशी सोय आम्ही शाळेत करून घेतली. तो भाग सोपा होता. माझ्यासाठी मोठी गोष्ट वेगळीच होती. माझ्या वर्गात अशी एक विद्यार्थिनी आहे जिचे नाव हजेरीपटावर नाही, हे मला त्या उंबऱ्यावर समजले. आता टाचण, म्हणजे पाठाची तयारी, काढताना ती माझ्यासमोर असते. धडा मी सावकाश, वाक्य न तोडता वाचून दाखवते, कारण तेच वाक्य संध्याकाळी तिच्या कानावर पडणार असते. नीट शिकवावे अशी इतकी सबळ निकड मला कोणत्याही प्रशिक्षणाने दिली नाही. पालकसभेला ती आली, तेव्हा मी तिचे आभार मानले. ती संकोचली आणि लेकीची प्रगती कशी आहे हे विचारू लागली.

एक निवृत्त गणित शिक्षक

बाईंचे निमंत्रण वाचून मला माझे भूमितीचे सर आठवले. ते लिंगायत होते आणि सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर यांच्यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली, की ते सात नंदीध्वजांपैकी एक पेलण्याच्या सरावाला जात. उंच आणि जड काठी कमरेच्या आधारावर तोलून चालत राहणे हे नुसत्या ताकदीचे काम नाही, तिथे श्वासही सांभाळावा लागतो. यात्रेतील अक्षता सोहळ्याच्या दिवशी पांढऱ्या बाराबंदीत ते निघाले, की आम्ही मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून त्यांना पाहत असू. शाळा सुटल्यावर हेच सर मला, मंडळीत सेवक असलेल्या माणसाच्या मुलाला, एक पैसाही न घेता प्रमेये समजावून सांगत. नाताळला आमच्या घरच्या करंज्या त्यांच्याकडे जात आणि संक्रांतीला त्यांच्या घरून शेंगापोळी येत असे. धर्मावर आम्ही एकदाही बोललो नाही. सिद्धता अपुरी राहिली, की ते फक्त एवढेच विचारीत, "हे तू मानतोस, की तुला दिसते?" प्रार्थनेला बसतो तेव्हा आजही तो प्रश्न माझ्या मनात येतो आणि माझी प्रार्थना अधिक खरी होते.

आणखी एक सांगतो. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण सर्वांनी रविवारच्या शाळेत ऐकली आहे. येशू दहा जणांना बरे करतो, आभार मानायला एकच परततो, आणि तो शोमरोनी, म्हणजे परका असतो. या गोष्टीतून बहुधा नऊ जणांच्या कृतघ्नतेवर बोट ठेवले जाते, आणि बाकीचे कुठे आहेत असे प्रभूने विचारले हेही खरेच आहे. पण आयुष्यभर शिकवल्यानंतर माझे लक्ष दुसरीकडे जाते. त्या नऊ जणांचे बरेपण काढून घेतले गेले, असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ते बरे झालेलेच राहिले. विद्यार्थी परत येऊन भेटत नाहीत म्हणून खंत करणाऱ्या माझ्या समवयस्क मित्रांना मी हे आवर्जून सांगतो. भेटायला न आलेल्या मुलालाही वर्गसमीकरण सोडवता येतेच, आणि ते मी शिकवले आहे.

खासगी शाळेतील एक तरुण शिक्षिका

मला वेगळे लिहायचे आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनाने माझी आई गेली. त्यानंतर कित्येक महिने मी उपासनेला जाई, परंतु उपकारस्तुतीचे गीत सुरू झाले, की माझे ओठ मिटत. लोक प्रेमानेच म्हणत, की प्रत्येक गोष्टीत आभार मानावेत. मला ते ऐकवत नसे. आमच्या पाळकसाहेबांनी मात्र मला काहीही समजावले नाही; स्तोत्रसंहितेतील 88 वे स्तोत्र काढून दिले आणि म्हणाले, "सध्या हेच म्हणा." ते स्तोत्र शेवटपर्यंत अंधारातच राहते, त्यात धीराचा शब्द येत नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून पवित्र शास्त्रात आहे. माझे दुःख देवापुढे जसेच्या तसे ठेवण्याची परवानगी आहे, हे मला त्यातून कळले. त्या परवानगीबद्दल मी पाळकसाहेबांची ऋणी आहे.

शाळा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा मुलांनीही बरेच काही गमावले होते. काहींच्या घरी एकच फोन होता आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाई. दीड-दोन वर्षांत त्यांचे जोडाक्षर सुटले होते, हातही लिहायला वळत नव्हता. पाचवीच्या मुलांना मी पुन्हा बाराखडीपासून घेतले. "क्त" आणि "त्क" यांत गोंधळणारा एक मुलगा एका सकाळी फळ्यावरचा "शक्ती" हा शब्द न अडखळता वाचून गेला आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडून आपसूक "देवा, तुझे आभार" असे निघाले. आई गेल्यानंतरची माझी ती पहिली उपकारस्तुती होती.

धागा सुरू करणारी

आपण हे लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आभार मानण्याची सक्ती केली, की ते खोटे होऊ लागतात, हे आपल्या मंडळीतही उघडपणे बोलले गेले पाहिजे.

रविवारच्या शाळेत शिकवणारी एक गृहिणी

मी दिवसा घर सांभाळते आणि रविवारी लहान मुलांचा वर्ग घेते. आमच्याकडे कापणीच्या सणाला लोक ज्वारी, भोपळा, अंडी, कोंबडी, घरची चटणी असे जे असेल ते घेऊन येतात, आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. मंगळवेढ्याकडचे नातेवाईक असलेल्या घरांतून मालदांडी ज्वारीचे पोते येते, त्यावर बोली चांगली चढते. एका वर्षी माझ्या वर्गातील एका मुलीने एकच लिंबू आणले होते. वडील हमाली करीत आणि त्या आठवड्यात काम मिळाले नव्हते. ते लिंबू टेबलावर आले, तेव्हा मंडळीतील एका वयस्क काकांनी ते पन्नास रुपयांना घेतले आणि लगेच पुन्हा लिलावासाठी परत दिले. दुसऱ्याने घेतले, त्यानेही परत दिले. असे ते कितीतरी वेळा फिरले. ही रीत आमच्याकडे जुनी आहे, पण एरवी ती मोठ्या फळांच्या बाबतीत दिसते. मुलगी टेबलाच्या कोपऱ्याला धरून प्रत्येक बोली ओठांतल्या ओठांत मोजत होती. आपल्याजवळचे सगळे देवाला देणाऱ्या गरीब विधवेच्या दोन दमड्यांची बायबलमधील गोष्ट मी अनेक वर्षे शिकवत आले होते. त्या काकांनी ती सगळ्या मुलांना दाखवली.

एक मुख्याध्यापिका

इथे एक बाब स्पष्टपणे मांडली पाहिजे असे वाटते. ख्रिस्ती शिक्षिका म्हणून मला वारंवार विचारले जाते, की वर्गात तुम्ही तुमच्या धर्माविषयी सांगता का. मी सांगत नाही. राज्यघटनेच्या कलम 28 नुसार शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या किंवा अल्पवयीन असल्यास पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला उपस्थित राहायला लावता येत नाही, आणि मला हा नियम नुसता मान्य नाही, तर प्रिय आहे. दुसऱ्याचे मूल विश्वासाने माझ्या हाती सोपवलेले असते. माझी श्रद्धा माझ्या वेळेवर येण्यात, तपासलेल्या वहीत आणि शिक्षा करताना आवरलेल्या हातात दिसली, तर ती पुरेशी दिसली असे मी मानते.

कृतज्ञता मात्र वर्गात शिकवता येते आणि शिकवावी. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती साजरी करताना मी मुलींना सिंथिया फरार यांच्याविषयीही सांगते. त्या 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी सावित्रीबाई त्यांच्याकडे गेल्या होत्या. 1862 मध्ये फरारबाई वारल्या. सावित्रीबाईंचे थोरपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. जी बाई सर्वांना शिकवायला निघाली, तिलाही कोणीतरी शिकवले होते, हे मुलींना कळावे एवढाच हेतू असतो. त्याच दिवशी आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना परिपाठाला समोर बोलावून मुली त्यांचे आभार मानतात. पहिल्या वर्षी ताई पदराने तोंड झाकून हसत राहिल्या. आता त्या दिवशी ताई ठेवणीतले लुगडे नेसून येतात.

एक माजी विद्यार्थी, टॉवेल कारखान्यात पर्यवेक्षक

मी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली समाजातला आहे, ख्रिस्ती नाही. तिसरीत असताना मला मराठी नीट समजत नव्हती आणि मी वर्गात गप्प बसत असे. आमच्या बाई ख्रिस्ती होत्या. त्यांनी एक दिवस मला फळ्याजवळ बोलावले, एकेक चित्र दाखवून त्याला तेलुगूत काय म्हणतात ते विचारले, आणि मी सांगेन तसे देवनागरीत लिहून घेतले. बाईंनी चुकीचा उच्चार केला, की मी त्यांना सुधारायचे, असे ठरले. वर्गात माझा आवाज त्या दिवशी फुटला. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांना त्यांनी याच पद्धतीने बोलते केले. त्या आता नगरला मुलाकडे राहतात आणि फोन केला, की आधी आमच्या अम्माची तब्येत विचारतात. येत्या नाताळात मी त्यांना भेटायला जाणार आहे. त्यांचे आणखी कोणी विद्यार्थी हे वाचत असतील आणि त्यांनी बाईंना ओळखले असेल, तर त्यांनीही बरोबर यावे. गाडीत चार जणांची जागा आहे.