नववीत केंब्रिज बोर्ड : कॅलक्युलेटर कोणता घ्यावा आणि किती वापरू द्यावा?

सानूची_आई : मुलगी आठवीपर्यंत राज्य मंडळात होती, यंदा नववीला आयजीसीएसईत, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या पातळीच्या अभ्यासक्रमात गेलीय (गणित, विषय क्रमांक ०५८०, एक्स्टेंडेड म्हणजे वरची पातळी). शाळेच्या यादीत नुसतं 'सायंटिफिक कॅलक्युलेटर' लिहिलंय, मॉडेल नाही. तिचे आजोबा वैतागलेत. त्यांनी तिसापर्यंत पाढे करून घेतले आणि आता बाईसाहेब पंधरा सक नव्वदसुद्धा मशीनला विचारतात. कोणता घेऊ? घरी किती मोकळीक द्यायची? पुढे जेईईचाही विचार आहे.

मास्तर_गणिताचे : आजोबांना सांगा, पाढे कामी येणार आहेत. २०२५ पासून ०५८० बदललंय. एक्स्टेंडेडचे दोन पेपर, दोन्ही १०० गुणांचे, दोन-दोन तासांचे. पेपर २ ला कॅलक्युलेटर चालत नाही, पेपर ४ ला लागतो. आधी दोन्हीला चालायचा, त्यामुळे पास झालेल्या ताई-दादांचे सल्ले जपून घ्या.

मॉडेल म्हणाल तर कॅसिओ एफएक्स-९९१ मालिकेतलं घ्या. त्यातलं ईएस प्लस किंवा सीडब्ल्यू घेतलंत तर अपूर्णांक वहीत लिहितो तसाच दिसतो, एमएसमध्ये तसा दिसत नाही. ग्राफ काढणारा घेऊ नका, या परीक्षेत त्याला परवानगी नाही.

माझ्या वर्गात एकच नियम आहे. बटण दाबायच्या आधी वहीच्या कडेला अदमास लिहायचा. १९.८ × ५.१ असेल तर '१००च्या आसपास'. मग स्क्रीनवर १००९.८ आलं तर दशांशचिन्ह राहिलंय हे पोराचं पोरालाच कळतं. आणि रीत लिहायचीच, नुसत्या उत्तरावर गुण जातात.

कोपरखळी : आमच्या वेळी लॉग टेबलवर भागायचं. ही खेळणी हातात दिली की डोकं गंजतं.

मास्तर_गणिताचे : @कोपरखळी, लॉग टेबलमध्ये तरी आपण कुठे डोकं चालवत होतो, बोट ठेवून आकडाच शोधत होतो की!

डिप्लोमा_ते_डिग्री : दोन गोष्टी तिला पहिल्याच दिवशी दाखवा. स्क्रीनच्या वर D (अंश) आहे की R (रेडियन, कोन मोजायचं दुसरं एकक) ते बघायचं. sin 30 ला ०.५ यायला हवं. −०.९८८ आलं तर मशीन रेडियनमध्ये आहे. दुसरं, −३ चा वर्ग काढताना कंस. कंसाशिवाय ते −९ दाखवतं, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण आधी वर्ग, मग उणे.

जेईई मेन, अ‍ॅडव्हान्स्ड, एमएचटी-सीईटी, कशालाच कॅलक्युलेटर नाही. तेव्हा आकडेमोड हातानेच, मशीन फक्त त्रिकोणमिती, संख्याशास्त्र आणि ताळा करायला.

सानूची_आई : म्हणजे रोजचा अभ्यास हाताने आणि पेपर ४ च्या सरावाला मशीन, असं ठरवते. अदमासाचं आजोबांना फार आवडलं, तपासायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. दुकानात घेऊ की ऑनलाइन?

डिप्लोमा_ते_डिग्री : कुठेही, पण पक्क्या बिलासकट. नकली कॅसिओ बाजारात खूप आहेत. फारच स्वस्त मिळत असेल तर सोडून द्या.