मदत हवी आहे: २००८ची एसएलके, पळालीय फक्त १९ हजार किमी. नेमकं काय काय बदलू?

होटगीरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मामांची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर दिवाळीपासून माझ्या ताब्यात आहे. २००८चं मॉडेल, दोन सीट, ऑटोमॅटिक, पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जातं. मामांनी यंत्रमागाच्या चांगल्या दिवसांत हौसेनं घेतली, पण एमआयडीसीत रोज जायला बोलेरोच. ही बाहेर निघायची ती घरातल्या लग्नांना. आता त्या खोल सीटमधून उठताना त्यांचे गुडघे बोलतात, म्हणून ‘तू सांभाळ, पण विकायची नाही’ या अटीवर किल्ली मला मिळाली.

गाडी दिसायला नवीकोरी. शेडमध्ये असते, वर मामींनी जुन्या चादरी घातलेल्या (सोलापुरात दुसरं काय घालणार). मला पडलेले प्रश्न:

टायरची नक्षी जवळपास पूर्ण शिल्लक आहे, पण बाजूला ४११२ असा आकडा आहे. पुढचे २२५चे, मागचे २४५चे, त्यामुळे चारही घ्यायचे तर खर्च मोठा. इथला टायरवाला म्हणाला, “काय झालंय ओ टायरला, नक्षी तर तशीच हाय की!” पुण्यातला मित्र म्हणतो, या टायरवर हायवेला जाऊच नकोस. कोणाचं ऐकू?

ऑइल शेवटचं कधी बदललं याची नोंद सापडत नाही. मामांचं म्हणणं, पाच हजारही पळाली नाही तर ऑइल कशाला? त्यांचा ड्रायव्हर दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतो. हे चालू ठेवू का?

छत: मेमध्ये उघडताना अर्ध्यात थांबलं. इंजिन सुरू केल्यावर हळूहळू मिटलं. भीतीनं पुन्हा हात लावलेला नाही.

आणि शेवटी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. काळजी करू का?

---

पान्हा_१३

आधी टायर. ४११२ म्हणजे २०१२चा ४१वा आठवडा. नक्षी किलोमीटरनं झिजते, रबर वयानं कडक होतं. सोलापूरचा उन्हाळा ४३-४४ डिग्रीला जातो, शेडमध्ये असली तरी रबर वाळायचं थांबत नाही. नखानं दाबून बघा, खोबणीच्या तळाशी बारीक भेगा दिसतात का तेही बघा. भेगा नसल्या तरी मी बदलेनच. मागच्या चाकांना ताकद जाणारी गाडी, ओल्या रस्त्यावर कडक रबर, नको तो प्रसंग. चारही एकदम घ्या आणि दुकानात त्यांचाही आकडा वाचूनच घ्या, या मापाचे टायर गोदामात पडून असतात.

रविवारची पाच मिनिटं आजच बंद करा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सायलेन्सर गार असेल तर ती वाफ आतच पाणी होऊन बसते आणि पत्रा आतून गंजतो. थंड इंजिनात जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच. शिवाय स्टार्टरनं बॅटरीतून जे ओढलं ते पाच मिनिटांत भरून निघत नाही. सुरू करायची तर अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर सुरूच करू नका.

ऑइल वर्षातून एकदा, मीटर काहीही म्हणो. डब्यावर मर्सिडीजची ‘एमबी २२९.५’ मान्यता असलेलं घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, ते दोन वर्षांनी. तुमच्याकडे नोंदच नाही, तेव्हा दोन्ही आणि कूलंट या आठवड्यात. इंजिन एम२७१, १.८ लिटरचं. त्यात बेल्ट नाही, टायमिंग चेन आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखड येते का, कान देऊन ऐका. आली तर चेन तपासून घ्या, पुढं ढकलू नका.

छताबद्दल माझा संशय बॅटरीवर. पंप विजेवर चालतो, आणि इंजिन सुरू केल्यावर छत मिटलं हे तुम्हीच लिहिलंय. व्होल्ट मोजून सांगा. डिकीत कुठं तेलकट ओल आहे का तेही बघा, असेल तर छत उचलणाऱ्या सिलिंडरची सीलं गेली.

---

निवांत

विकून टाका आणि एक चांगली ह्युंदाई घ्या. डोक्याला ताप नको.

होटगीरोडकर

निवांतराव, अट वाचलीत ना? मामांना तुम्ही सांगा, मी नंबर देतो :)

---

जुळेसोलापूरकर

चादरी पहिल्या काढा की ओ! धूळ त्यात अडकून बसती, आणि वारं सुटलं की चादर हलून रंगावर पॉलिश पेपर मारल्यावानी होतंय. आतून मऊ, हवा खेळणारं कव्हर घ्या, आणि घालायच्या आधी गाडी धुवा. (पाणी चार दिवसांआड येतंय, मान्य. एक बादली आणि दोन मऊ फडकी पुरतात.)

दुसरं, उंदीर. पावसाळ्यात शेडमध्ये आले की वायरी खातात. माझ्या सासऱ्यांच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात ज्वारीची कणसं, कापूस, सगळा संसार निघाला होता. फिल्टरचं झाकण उघडून बघाच. पोती, भुसा, कोंबड्यांचं खाद्य शेडमधनं हलवा.

चालवायला तुळजापूर रोड. सकाळी सहाला निघायचं, साधारण ४५ किलोमीटर, देवीचं दर्शन, नाश्ता, परत. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं व्यवस्थित तापतंय. विजापूर रोडनं शहरातनं जाऊ नका, गाडी खाली घासंल.

---

मळीवाला

मी डिस्टिलरीत काम करतो, म्हणजे तुमच्या टाकीतल्या इथेनॉलमध्ये आमच्या जिल्ह्याच्या उसाचाही वाटा असणार. शिव्या जपून द्या.

पाणी शोषून पेट्रोल दुभंगतं ही भीती थोडी फुगवलेली आहे. ई२० हे ई१०पेक्षा जास्त पाणी सामावून घेतं, आणि झाकण नीट बसणाऱ्या टाकीत तेवढं पाणी येणार तरी कुठून? खरा मुद्दा रबराचा. ई२०ला चालणारं साहित्य वापरलेल्या गाड्या आपल्याकडे सर्वसाधारणपणे एप्रिल २०२३पासूनच्या. तुमची २००८ची. इंधनाचे पाइप, जोड, पंपाची सीलं एकदा गाडी वर उचलून तपासा. पेट्रोलचा वास येत असेल तर लगेच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा अॅव्हरेज थोडं पडणारच.

‘टाकी फुल करून ठेवा’ हा सल्ला वर्षभर बंद ठेवणाऱ्यासाठी. तुम्ही तुळजापूरला जाणार असाल तर थोडं भरा, संपवा, ताजं भरा. तीन महिन्यांवर जुनं पेट्रोल साठवू नका.

---

एमएच_तेरा

कागदपत्रांचं कोणीच बोललं नाही. २००८ची म्हणजे १५ वर्षं २०२३ला पूर्ण. आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय ना? आयात गाडीची नूतनीकरणाची फी ४० हजार आहे, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या आयात चारचाकीला ती ८० हजार झाली. २०२८ला तुमची वीस वर्षांची होईल, त्यासाठी आतापासून बाजूला टाका. नवी नंबर प्लेट, पीयूसी, विमा आहेच. कमी चालणाऱ्यांसाठी किलोमीटरवर आधारित विम्याचं ॲड-ऑन मिळतं, विमा नियामक आयआरडीएआयनं २०२२मध्ये परवानगी दिली. नूतनीकरणाच्या वेळी विचारा.

---

होटगीरोडकर

सगळ्यांचे आभार. कागद मामांनी २०२३मध्येच पूर्ण केलेत, पावती सापडली. नंबर प्लेट बाकी आहे, ती करतो.

बॅटरी मोजली: गाडी बंद असताना ११.९ व्होल्ट. इंजिन चालू ठेवून छत उघडलं-मिटलं, कुठंही अडलं नाही, डिकी कोरडी. पान्हा_१३, बरोबर ओळखलंत. सकाळची खडखडही नाही. एअर फिल्टरमध्ये कणसं नव्हती, पण लेंड्या होत्या! टायर सांगितलेत. नवी बॅटरी टाकून चार्जर कायम लावून ठेवू का, की निगेटिव्हची वायर काढून ठेवणं बरं?

पान्हा_१३

११.९ म्हणजे जवळपास रिकामीच. चार्जर लावा, पण भरल्यावर आपोआप थांबणारा, साधा नको. ही गाडी बंद असतानाही समजा ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले. ७०ची बॅटरी महिन्याभरात अर्ध्यावर येते. वायर काढली तर काचा, घड्याळ सगळं पुन्हा शिकवत बसाल. आणि छताच्या रबराला सहा महिन्यांनी रबरासाठीचं सिलिकॉन पुसा, पेट्रोल-डिझेलचा बोळा अजिबात नको.

होटगीरोडकर

ठीक. आता शेवटचं: टायर बसवल्यावर अलाइनमेंटला न्यायची तर इथल्या रॅम्पवर पुढचा बंपर टेकतो. काही युक्ती?

जुळेसोलापूरकर

दोन लांब फळ्या घेऊन जावा, रॅम्पच्या तोंडाला टाकायच्या. चढ कमी होतोय. माझ्याकडं हायत, आसरा चौकात या, देतो.