विहिरीवरच्या मोबाईल स्टार्टरला 2जी ठेवावे की 4जी घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमचे शेत केज तालुक्यात बालाघाटाच्या उताराला असून विहीर खाली ओढ्याकाठी आहे. मोटारीला सिमकार्डावर चालणारा 2जी स्टार्टर बसवलेला असल्यामुळे रात्रपाळीची लाईट आली की घरूनच फोन लावून मोटार चालू करता येते आणि विंचूकाट्याच्या अंधारात शेतात जावे लागत नाही. मध्यंतरी त्यात केवळ 4जी जाळे असलेल्या कंपनीचे सिम घालून पाहिले, तर नेटवर्कचा दिवा सारखा भरभर लुकलुकत राहिला. जुने सिम घातल्यावर तो संथ झाला आणि मोटार पहिल्याच फोनला सुरू झाली.

दुसरे असे, की गावात पारापाशी माझ्या मोबाईलवर 5जी दिसते, पण तोच मोबाईल विहिरीवर नेला की 'ई' हे अक्षर येते. नवी पिढी आली म्हणजे जुनी तिच्यात आपोआप सामावते, असा माझा समज होता. मग असे का होते? दुकानदार 4जी स्टार्टर घ्या म्हणतात. ऐन रब्बीत हरभऱ्याचे पाणी तुटू नये, म्हणून घेण्याआधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

आपला स्टार्टर नादुरुस्त नाही. प्रत्येक पिढीची रेडिओलहरी वापरण्याची रीत वेगळी असते. 2जीमध्ये 200 किलोहर्ट्झचा पट्टा आठ वेळखंडांत वाटलेला असतो आणि कॉल संपेपर्यंत त्यातला एक खंड आपल्यासाठी राखून ठेवला जातो. 4जीमध्ये असा राखीव मार्गच नाही, आवाजसुद्धा डेटाच्या पाकिटांतून जातो आणि त्यालाच व्होल्टी म्हणतात. त्यामुळे टॉवरवर 4जी, 5जी कितीही बसवले, तरी तिथली 2जी यंत्रणा चालू असेल तरच आपला स्टार्टर चालेल.

रेंजचे कारण वारंवारतेत आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतात सुरू झालेले 5जी बरेचसे 3300 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालते. ती लहर थोड्या अंतरात क्षीण होते आणि उंचवट्याआड फारशी वळत नाही. 2जीची 900 मेगाहर्ट्झची लहर मात्र ओढ्यापर्यंत उतरते, म्हणून विहिरीवर 'ई', म्हणजे 2जीवरचे इंटरनेट (एज), दिसते.

खोक्यावर नुसते '4जी' लिहिलेले पाहून स्टार्टर घेऊ नका. काही 4जी यंत्रांत फक्त डेटा चालतो, कॉल नाही, म्हणून व्होल्टीची सोय विचारून घ्या. शिवाय बँड 5 आणि बँड 8, म्हणजे 850 व 900 मेगाहर्ट्झ, चालतात का तेही पाहा. अँटेना लोखंडी पेटीच्या बाहेर, उंच बांधावा. जे सिम वापरणार ते मोबाईलमध्ये घालून पेटीजवळूनच कॉल करून पाहा. कॉल चालू असताना 4जीचे चिन्ह टिकले, तर तिथे व्होल्टी पोहोचते. 'ई' किंवा 2जी दिसू लागले, तर कॉल 2जीवर उतरला आहे आणि जुना स्टार्टर एवढ्यात काढू नये.