फॅमिली ग्रुप: दादाच्या गोळ्या

धाकटे काका: वहिनी, रविवारी दादाला बघून पोटात कालवलं. चालताना हात अंगाला चिकटल्यासारखे, चहा बशीत सांडला, चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. त्या मानसिक आजाराच्या गोळ्यांनी पोराचा पार पुतळा झालाय. महिनाभर बंद करून बघा ना. ओळखीचे एक वैद्य सर्पगंधा देतात, झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.

मोठी काकू: भाऊजी, तुमचा जीव तुटतो ते कळतंय. पण गेल्या दिवाळीत आम्ही तेच केलं होतं. पंधरा दिवस इतका टवटवीत दिसला की आम्ही खूश. मग एका रात्री उठून खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, समोरच्या बिल्डिंगमधून त्याच्याबद्दल बोलतात म्हणून. बारा दिवस वॉर्डात काढले. पुन्हा नको.

ताई: काका, तुम्ही बघितलंत ते खरंच औषधामुळे आहे, त्यात तुमचं चुकलं नाही. मेंदूत डोपामिन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. एका भागात त्याचा जोर वाढला की साध्या आवाजालाही भलता अर्थ चिकटतो. दादाची रिसपेरिडोन निरोप घेणाऱ्या जागा अडवते. पण हातपाय सहज हलतात तेही डोपामिनवरच, आणि तिथल्या जागा सोड असं गोळीला सांगता येत नाही. साधारण 65 टक्के जागा अडल्या की आराम पडायला लागतो, 80 च्या वर गेल्या की ताठरपणा आणि कंप वाढतो. मधली जागा एवढीच, म्हणून डोस जुळवत बसावं लागतं.

ताई: आणि सर्पगंधा. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्मादावर तिचा उपयोग लिहून ठेवलाय, म्हणजे गुण आहे. पण तिच्यातलं रेसरपीन डोपामिनचा साठाच रिकामा करतं. त्यानेही हात थरथरतात, मन खचतं, रक्तदाब उतरतो. या गोळ्यांच्या जोडीला तर मुळीच नको.

दादा: वाचतोय सगळं. हातांचं एवढं नाही काका. मला बसवत नाही. जेवायला बसलो की पाय आतून कोणी ओढतंय असं होतं. दोन घास खाल्ले की गॅलरीत फेऱ्या. वाटलं आजारच वाढला, म्हणून डॉक्टरांना बोललो नाही.

मोठी काकू: अरे, आणि मी रोज ओरडते, ताटावरून उठू नकोस म्हणून 😔

ताई: दादा, हा आजार नाही. गोळीमुळेच अशी बसू न देणारी बेचैनी येते, याला अकॅथिसिया म्हणतात. न सांगितल्यास आजाराची अस्वस्थता समजून डोस वाढवतात आणि त्रास आणखी वाढतो. कधीपासून होतंय?

दादा: तीनाची चार मिलिग्रॅम झाली तेव्हापासून.

ताई: मग हेच पहिलं सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, या बेचैनीवर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळीही देतात. ते डॉक्टर ठरवतील, तू मनाने कमी करू नकोस.

धाकटे काका: मित्राच्या मुलीला ओलान्झापिन ही दुसरी गोळी आहे, ती अशी ताठरत नाही.

ताई: हो, तिने ताठरपणा कमी येतो. पण भूक खवळते, वजन आणि साखर वाढते. आपल्या घरात आजोबांपासून मधुमेह आहे, तेही सांगा.

ताई: काकू, एक लक्षात ठेवा. जोराचा ताप, अंग लाकडासारखं कडक आणि बोलण्यात गोंधळ असं एकत्र दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. क्वचित होतं, पण जिवावर बेततं.

धाकटे काका: मंगळवारी ओपीडी ना? मी गाडी घेऊन सातला येतो. उपाशीपोटी रक्त द्यायचंय का?

मोठी काकू: हो भाऊजी. या.

दादा: कागदावर लिहिलंय. "चार मिलिग्रॅमपासून बसवत नाही. संध्याकाळी जास्त." पुरे का?

ताई: जेवताना किती वेळा उठतोस, तेही लिही.