मदत हवी आहे : 'राउझ' या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी. एका जुन्या शिकारकथेचा अनुवाद करतेय आणि 'राउझ'पाशी अडकलेय. शब्दकोशात 'उठवणे, जागे करणे' मिळतं. झोपलेल्या माणसापुरतं ते ठीक आहे. पण माझ्या कथेत झुडपात दडलेलं हरीण 'राउझ' होतं, आणि पुढच्याच पानावर गावकऱ्यांचा रागही!

शोधताना कळलं की हा शब्द मुळात शिकारीतलाच. ससाण्याने पिसं झाडणं, सावज दडणीतून बाहेर काढणं हे त्याचे जुने अर्थ. झोपेतून उठवणं नंतरचं. आपल्याकडे 'रान उठवणे' अगदी असाच प्रवास करून आलंय, म्हणून हरणासाठी 'उठवलं' ठेवावं असं वाटतं. रागासाठी 'चेतवला' की 'भडकवला'? भडकवण्यात चिथावणीचा वास येतो, आणि इथे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नाही.

दुसरी अडचण 'अराउझ'ची. संशय, कुतूहल, सहानुभूती यांच्याबरोबर इंग्रजीत बहुधा तेच येतं. लैंगिक उत्तेजनेसाठीही तेच. कुतूहलासाठी मला 'चाळवणे' फार आवडतं, कारण झोपही चाळवते आणि भूकही. पण संशय चाळवतो का? माझ्या कानाला 'बळावतो' बरं वाटतं, पण त्यात संशय आधीपासून असल्याचं सूचित होतं. मूळ वाक्यात तो पहिल्यांदाच येतोय.

विदर्भ, कोकण, खानदेशातल्या बोलींमध्ये सावज उठवण्यासाठी वेगळा शब्द असेल, तर वाक्यासकट नक्की सांगा. शुक्रवारी हे प्रकरण संपादकांकडे द्यायचं आहे.