विषय: मारबतीच्या चित्रफितीची लहान प्रत आणि तिचे गुण

काका, सप्रेम नमस्कार.

आपण नागपूरहून पाठवलेली मारबतीच्या (पिवळ्या आणि काळ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीची १०८० ओळींची मूळ फाईल फार मोठी असल्यामुळे मी तिची ४८० ओळींची प्रत केली आणि एफएफएमपेग या चित्रफिती हाताळणाऱ्या प्रणालीत ती मूळ फाईलशी ताडून पाहिली. आकार जुळावेत म्हणून मूळ फाईलही ४८० ओळींवर आणली होती. प्रतीचा दर्जा मुळाशी ताडून गुण देणाऱ्या व्हीमॅफ या मापाची सरासरी १०० पैकी ९४ आली. गणेशोत्सवात सभागृहाच्या पडद्यावर हीच प्रत लावावी, असा समितीचा विचार आहे. आपली हरकत नसावी.

आपली,
कार्यक्रम समितीची कार्यकर्ती

---

अनेक आशीर्वाद.

हरकत आहे. ताडताना मूळ फाईल लहान करायची नसते, प्रत मूळ फाईलच्या मापाला मोठी करायची असते. आपण दोन्ही लहान केल्यामुळे आकार कमी करताना जे हरवले त्याचा हिशेबच झाला नाही, आणि प्रेक्षक मात्र ती प्रत मोठ्या पडद्यावर ताणलेलीच पाहणार आहेत. व्हीमॅफला पहिली फाईल प्रतीची आणि दुसरी मुळाची द्यायची, हेही तपासावे. अदलाबदल झाली तर पीएसएनआरचा (दोन फाईलींतल्या आकड्यांचा फरक मोजणाऱ्या साध्या मापाचा) आकडा तोच राहतो, व्हीमॅफचा राहत नाही.

दोन्ही फाईली फ्रेमला फ्रेम जुळलेल्या आहेत ना, हेही पाहा. मागे एका लग्नाच्या चित्रफितीत माझी फजिती झाली होती: संपादनात प्रतीच्या सुरुवातीला एक काळी फ्रेम जास्तीची आली, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने म्हणजे ४० मिलिसेकंदांचाच फरक, पण वरातीतल्या नाचाचे गुण इतके घसरले की मी दोन रात्री एन्कोडरला, म्हणजे प्रत दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, दोष देत बसलो.

सरासरीवरही मी विसंबणार नाही. इतवारीतल्या गर्दीत मारबत वळते आणि ‘घेऊन जा गे मारबत’ असा गलका उठतो, ते काही सेकंद कॉम्प्रेशनला सर्वांत जड जातात, कारण शेकडो डोकी, वर झालेले हात आणि धूळ एकाच वेळी हलत असतात. तिथे प्रतीत माणसांचे चेहरे वितळून एकमेकांत मिसळले आहेत. आधीच्या रिकाम्या रस्त्याच्या दृश्यांनी सरासरी सावरून धरली आहे. प्रत्येक फ्रेमचे गुण फाईलमध्ये उतरवून घ्या आणि सर्वांत कमी गुणांच्या फ्रेम मुळाशेजारी ठेवून डोळ्यांनी पाहा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपला. नेटफ्लिक्सने २०१६ साली खुला केलेला व्हीमॅफ त्याच्या नेहमीच्या मॉडेलात केवळ ल्यूमा, म्हणजे चित्राची उजळ-काळोखी तपासतो. रंगाकडे तो पाहतच नाही. तुमच्या प्रतीत पिवळी मारबत मला हळदीची न दिसता किंचित हिरवट, लिंबाच्या सालीसारखी दिसली. मूळ फाईल बीटी ७०९ या एचडी चित्रांच्या रंगपद्धतीची आहे, पण प्रतीत तशी नोंद उरलेली नाही, आणि इतक्या कमी ओळींची फाईल दिसली की बरेच प्लेअर ती बीटी ६०१ या जुन्या रंगपद्धतीची समजून रंग काढतात. फाईलमधले आकडे तेच राहिल्यामुळे पीएसएनआरनेसुद्धा हे सांगितले नसते. काळ्या मारबतीला याचा त्रास नाही, पण पिवळी पिवळी नसेल तर नागपूरकर सभासद पहिल्याच मिनिटाला विचारतील.

आपला,
काका

---

काका, नमस्कार.

प्रत १०८० ओळींवर मोठी करून पुन्हा ताडली. सरासरी ७१ आली आणि गर्दीतल्या काही फ्रेम ४० च्याही खाली गेल्या. बीटी ७०९ ची नोंद घातल्यावर पिवळा रंग जागेवर आला, परंतु चेहऱ्यांचे काही होण्यासारखे नाही. त्यामुळे मूळ फाईलच पेनड्राइव्हवर घेतली असून शनिवारी सकाळी सभागृहातल्या प्लेअरवर लावून पाहते.